मुखत्यारपत्र देण्याआधी: त्याची हद्द कशी ओळखावी, कागदावर कशी आखावी

मुंबईत ‘पॉवर दिली आहे’ हे वाक्य फार सहज बोललं जातं. पॉवर म्हणजे मुखत्यारपत्र: आपल्या वतीने काम आणि सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला, म्हणजे मुखत्याराला, देणारा कागद. मुलगा दुबईला आणि गोरेगावचा फ्लॅट भाड्याने द्यायचा, म्हणून आईला पॉवर. गावच्या जमिनीच्या कामासाठी दर वेळी रजा काढून रत्नागिरीला जाणं जमत नाही, म्हणून चुलतभावाला पॉवर. इमारत पुनर्विकासाला गेली की बिल्डरला पॉवर. सासऱ्यांना जिना उतरवत नाही, म्हणून बँकेच्या कामांसाठी सुनेला पॉवर. कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलावर छापील नमुना मिळतो, त्यात नावं भरली जातात, सही-शिक्का होतो आणि घरची मंडळी निर्धास्त होतात.

या घाईत दोन प्रश्न राहून जातात. हा कागद कुठपर्यंत चालतो? आणि कधी बंद पडतो? उत्तरं माहीत नसली की काय होतं ते या शहरात पुष्कळ कुटुंबांनी भोगलं आहे. आयुष्याची पुंजी घालून ‘पॉवरवर’ घेतलेलं घर कायद्याने कधी त्यांचं झालंच नाही. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या खात्यात पैसे होते, पण हॉस्पिटलचं बिल भरायला ते हाताशी आले नाहीत. हे टाळता येतं, पण विचार सही करण्याआधी करावा लागतो.

पायरी १: या कागदाने काय जातं आणि काय जात नाही, ते समजून घ्या

मुखत्यारपत्राने सहीचा अधिकार जातो, मालकी जात नाही. बाकी सगळ्या मर्यादा यातूनच निघतात.

मुखत्यारपत्राचा स्वतंत्र कायदा १८८२ सालचा आहे, पण तो अगदी छोटा आहे. खरा पाया १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. त्याच्या १८२ ते २३८ या कलमांत एखाद्याने दुसऱ्यासाठी काम करण्याचे नियम दिले आहेत. त्यानुसार लिहून देणारा सज्ञान आणि भानावर असलेला हवा. मुखत्यार जे करतो ते लिहून देणाऱ्याच्या नावाने आणि त्याच्यासाठी करतो. मुखत्याराने केलेली सही लिहून देणाऱ्याला बांधून ठेवते, पण ती कागदात दिलेल्या अधिकाराच्या आत असेल तरच.

आता घराचं बोलू. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते. तरीही देशभर वर्षानुवर्षं एक पद्धत चालत आली: साधा विक्री करार, सोबत मुखत्यारपत्र, जोडीला एक मृत्युपत्र आणि पूर्ण पैसे रोख. ‘सूरज लॅम्प अँड इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट सांगितलं की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. मुखत्यारपत्र हे हस्तांतरणाचं साधनच नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की खरी गरज म्हणून दिलेली मुखत्यारपत्रं, म्हणजे बायकोला, मुलाला, भावाला किंवा विकासकाला कामापुरती दिलेली, यांना धक्का लागत नाही. त्यांच्या आधारे मुखत्याराने रीतसर खरेदीखत करून ते नोंदवलं, तर ते वैध असतं.

मुंबईत याचा सर्वांत मोठा फटका म्हाडाच्या आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घरांत बसतो. म्हाडाच्या लॉटरीत लागलेलं घर पहिली पाच वर्षं विकता येत नाही. पुनर्वसनात मिळालेल्या घरालाही ठरावीक मुदतीची विक्रीबंदी असते. ही मुदत संपायच्या आत कोणी ‘पॉवर करून देतो, नंतर नावावर करू’ म्हणत असेल, तर तो तुम्हाला घर विकत नाही, कारण विकण्याचा अधिकार त्याच्याकडेच नाही. जो अधिकार मालकालाच नाही तो मुखत्याराकडे येणार कुठून? उद्या मालक वारला, त्याने शब्द फिरवला किंवा प्राधिकरणाने तपासणी केली, तर हातात नोटरीचा शिक्का मारलेला कागद उरतो आणि घर जातं. माझं स्पष्ट मत आहे: असा व्यवहार कितीही स्वस्त मिळाला तरी करू नका.

पायरी २: मुखत्याराला देताच येत नाहीत अशी कामं बाजूला काढा

काही कामं ज्याची त्यानेच करायची असतात. मृत्युपत्र मुखत्यार करू शकत नाही. लग्नाला स्वतः उभं राहावं लागतं. विधानसभा-लोकसभेचं मतदान मुखत्यारपत्रावर होत नाही.

आपल्याकडे रोज अडणारी गोष्ट म्हणजे हाउसिंग सोसायटीची सभा. फ्लॅट परदेशातल्या भावाच्या नावावर, राहते इथे बहीण, तिच्याकडे रजिस्टर केलेली पॉवर आणि सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी तिला बसू देत नाहीत. मग भांडण. यात सेक्रेटरीचं चुकत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० प्रमाणे सभासदाने मत स्वतः द्यायचं असतं, प्रतिनिधीमार्फत नाही, आणि आदर्श उपविधींनुसार मुखत्यारपत्रधारकाला सभासदाच्या वतीने सर्वसाधारण सभेला हजर राहता येत नाही. बहिणीला सभेत हक्काने बसायचं असेल तर तिला सहसभासद किंवा सहयोगी सभासद करून घेण्याचा मार्ग आहे. त्याच्या अटी सोसायटीच्या उपविधींत पाहाव्यात. मेंटेनन्स भरणं, पत्रव्यवहार करणं, दुरुस्तीसाठी अर्ज देणं हे मात्र ती मुखत्यार म्हणून करू शकते.

कोर्टाच्या कामातही अशीच एक रेघ आहे. मुखत्यार तुमच्या वतीने दावा दाखल करू शकतो, वकील नेमू शकतो, तारखांना हजर राहू शकतो. पण जे फक्त तुम्हाला ठाऊक आहे, त्याची साक्ष तो तुमच्याऐवजी देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितलं आहे. मुखत्याराने स्वतः जे केलं आणि पाहिलं, त्याबद्दलच तो पिंजऱ्यात उभा राहू शकतो. दाव्याचा सगळा भार तुमच्या आठवणीवर असेल, तर तिकीट काढून या.

उपचारांचे निर्णयही मालमत्तेच्या मुखत्यारपत्रात बसत नाहीत. त्याविषयी पायरी ७ मध्ये.

पायरी ३: माणूस आणि काम, दोन्ही नेमकं ठरवा

एकाच कामासाठी दिलेलं ते विशेष मुखत्यारपत्र, आणि बऱ्याच कामांसाठी दिलेलं ते सर्वसाधारण किंवा कुलमुखत्यारपत्र. नोटरीकडचा छापील नमुना बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. त्यात विकणं, गहाण टाकणं, कर्ज काढणं, बक्षीस देणं (म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करणं), दावे चालवणं असं सगळंच असतं. तुम्हाला फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल, तर त्यात विक्रीचा अधिकार कशासाठी? काम एक असेल तर विशेष मुखत्यारपत्रच करा. दुसरं काम निघालं की दुसरं करता येतं.

माणूस निवडताना जवळचा आहे एवढंच पाहू नका. तो मुंबईत राहतो का, कागद समजून सही करतो का, पैशांचा हिशेब ठेवतो का, हे पाहा. मुखत्याराने मागितल्यावर हिशेब द्यायचा असतो, हे करार कायद्याच्या कलम २१३ मध्ये आहे. पण हिशेब ठेवण्याची सवयच नसलेल्या माणसाकडून कोर्टात हिशेब मागायची वेळ आली, तर नातंही जातं आणि पैसेही.

पायरी ४: मजकूर स्वतः वाचा आणि हद्द लिहून काढा

मुखत्यारपत्राचं बरंवाईट इथेच ठरतं, म्हणून इथे थांबून वेळ द्या.

न्यायालयं मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोरपणे लावतात. जे लिहिलेलं नाही ते दिलेलं नाही. शेवटी ‘आणि अशी इतर सर्व कामे’ असं वाक्य असलं, तरी आधी नेमून दिलेल्या कामांना पूरक तेवढंच त्यात धरलं जातं. त्याने नवा अधिकार तयार होत नाही. जागा भाड्याने देण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार असला म्हणून विकण्याचा अधिकार आपोआप येत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. हा नियम लिहून देणाऱ्याचं रक्षण करतो. पण मोघम लिहिलं तर कामाच्या दिवशी तोच आडवा येतो, कारण बँक किंवा दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणारे सरकारी अधिकारी) नेमका तो अधिकार शोधतात आणि तो सापडत नाही.

मालमत्तेचं वर्णन पूर्ण द्या: फ्लॅट नंबर, इमारत, सोसायटीचं नाव, सिटी सर्व्हे नंबर, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक. गावची जमीन असेल तर गाव, तालुका, गट नंबर आणि सातबाऱ्यावर आपलं नाव जसं आहे तसं.

कोकणातल्या सामाईक जमिनीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मुंबईतल्या चाकरमान्यांच्या घरात हा प्रसंग हमखास येतो. सातबाऱ्यावर आजोबांनंतर पंधरा-वीस नावं चढलेली असतात. वारसनोंद करायची असते, मोजणी आणायची असते. गावचा भाऊ म्हणतो, सगळ्यांनी मला पॉवर द्या, मी तलाठ्याकडचं सगळं बघतो. तो मनापासून म्हणत असेल, आणि त्याच्या धावपळीशिवाय काम होणारही नाही. तरी कागदात ‘वारसनोंद, फेरफार, मोजणी आणि त्यासाठी लागणारे अर्ज, जबाब’ एवढंच लिहा, आणि त्याखाली वेगळं वाक्य घाला: ‘या मुखत्यारपत्राने सदर जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा, बक्षीस देण्याचा, विकसनाला देण्याचा किंवा वाटप मान्य करण्याचा अधिकार दिलेला नाही.’ नकाराचं वाक्य लिहिलं म्हणजे भावावर अविश्वास दाखवला असं होत नाही. उद्या कोणी त्याच्यावर दबाव आणला, तर ते त्याच्याही उपयोगी पडतं.

विकण्याचा अधिकार खरंच द्यायचा असेल, तर किमान किंमत लिहा, किंवा ‘लिहून देणाराने लेखी मान्य केलेल्या किमतीस’ असं लिहा. मोबदला फक्त तुमच्या खात्यात जमा व्हावा म्हणून खात्याचा क्रमांक मजकुरातच घाला. मुखत्याराच्या खात्यात पैसे घेण्याची मुभा देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

मुखत्याराने मालमत्ता स्वतःला किंवा स्वतःच्या बायकामुलांना विकणं ही वादाची सर्वांत मोठी जागा. करार कायद्याच्या कलम २१५ आणि २१६ नुसार त्याने मालकाला न कळवता, त्याची संमती न घेता स्वतःशीच व्यवहार केला, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो किंवा त्यातला फायदा मागू शकतो. त्यासाठी कोर्टात जावं लागतं. त्यापेक्षा ‘स्वतःच्या किंवा स्वतःच्या नातलगांच्या लाभासाठी व्यवहार करता येणार नाही’ हे आधीच लिहिणं सोपं. बक्षीसपत्राचा अधिकार तर स्पष्ट लिहिल्याशिवाय धरला जात नाही. छापील नमुन्यात ‘बक्षीस’ हा शब्द दिसला तर तो खोडून टाका आणि खोडलेल्या जागी सही करा.

मुखत्याराने आपलं काम तिसऱ्यावर सोपवू नये, हा साधारण नियम कलम १९० मध्ये आहे. तुमची हरकत नसेल तर तसं लिहा. असेल तर मनाई लिहा. मुदतही लिहा. कायद्याने मुखत्यारपत्राला ठरावीक आयुष्य नाही, त्यामुळे तारीख घातली नाही तर वीस वर्षांपूर्वीचा कागदही कोणीतरी कपाटातून काढून वापरू शकतो.

कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर सही करून कोणालाही देऊ नका. प्रत्येक पानावर सही करा, मोकळ्या जागांवर आडवी रेघ ओढा.

पुनर्विकासातल्या मुखत्यारपत्राला याच पायरीतून न्या. विकासकाला महापालिकेत आराखडे मंजूर करून घेणं, दाखले मिळवणं, वीज-पाण्याच्या जोडण्या बदलणं यासाठी अधिकार लागतोच. त्याने आपल्या हिश्शाचे फ्लॅट विकणं, प्रकल्पावर कर्ज काढणं हेही करारात ठरलेलं असू शकतं. पण सभासदांना मिळायच्या नव्या घरांवर बोजा चढवण्याचा, ती विकण्याचा किंवा सभासदांच्या वतीने विकास करारात बदल करण्याचा अधिकार त्यात दडलेला नाही ना, हे सोसायटीच्या वकिलाकडून ओळीओळीने तपासून घ्या. बिल्डरच्या वकिलाने केलेला मसुदा हा बिल्डरच्या सोयीचा मसुदा असतो.

पायरी ५: मुद्रांक, नोटरी की नोंदणी, ते ठरवा

साध्या मुखत्यारपत्राला महाराष्ट्रात सध्या ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क लागतं. स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार जवळच्या नातलगाला मोबदला न घेता दिला, तरी ५०० रुपयेच. मोबदला घेऊन दिला, किंवा परक्या माणसाला दिला, तर खरेदीखतासारखंच शुल्क भरावं लागतं, आणि मुंबईत ते साधारण सहा टक्के असतं. मित्राला पाचशेच्या कागदावर विक्रीची पॉवर देणारे इथेच अडकतात. कमी मुद्रांकाचा कागद पुराव्यात स्वीकारला जात नाही आणि वर दंड बसतो.

बँकेतली कामं, वीजबिल, सोसायटीचा पत्रव्यवहार यांना नोटरीपुढे केलेलं मुखत्यारपत्र बहुधा चालतं. नोटरीपुढे ओळख पटवून केलेला कागद खरा आहे, असं न्यायालय सुरुवातीला गृहीत धरतं. पण तुमचा दस्त नोंदणीसाठी मुखत्याराने सादर करायचा असेल, तर निव्वळ नोटरी पुरत नाही. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे, तुम्ही जिथे राहता तिथल्या दुय्यम निबंधकापुढे सही करून ते अधिप्रमाणित करून घ्यावं लागतं, म्हणजे सही तुमचीच असल्याचा त्यांचा दाखला घ्यावा लागतो. म्हणजे जमीन गुहागरला असली, तरी दादरला राहणाऱ्याने ते मुंबईत करून घ्यायचं. आणि स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणाचं, मागे न घेता येणारं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात सक्तीने नोंदवावं लागतं.

आजारपणामुळे कार्यालयात जाता येत नसेल तर गृहभेटीसाठी अर्ज करता येतो. अधिकारी घरी किंवा हॉस्पिटलात येऊन सही घेतात. वृद्ध आईला टॅक्सीत घालून रांगेत बसवण्याआधी ही सोय आठवा.

पायरी ६: परदेशातून पाठवत असाल तर

भारताबाहेर असलेल्याने मुखत्यारपत्रावर सही तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीपुढे करायची. देश एकमेकांचे कागद मान्य करण्याच्या हेग कराराचा सदस्य असेल, तर नोटरीनंतर अपॉस्टिल, म्हणजे त्या देशाचा खरेपणाचा अधिकृत दाखला, करून घ्यायचं. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरलं पाहिजे. हे अनेकांच्या लक्षात राहत नाही आणि ऐन व्यवहाराच्या वेळी दंड भरावा लागतो. पाकिटावरची पोचल्याची तारीख जपून ठेवा.

एनआरई खात्यावर, म्हणजे परदेशी कमाई ठेवण्याच्या अनिवासी भारतीयाच्या खात्यावर, इथल्या नातलगाला अधिकार दिला, तरी त्याचे हात बांधलेले असतात. तो इथले खर्च भागवू शकतो, परवानगी असलेल्या गुंतवणुका करू शकतो, खातेदाराला पैसे पाठवू शकतो. पण त्या खात्यातून खातेदाराच्या वतीने कोणाला भेट देणं किंवा परदेशात तिसऱ्याच्या नावाने पैसे धाडणं त्याला करता येत नाही.

पायरी ७: मरण आणि भान हरपणं, यांची तरतूद वेगळी करा

सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत, आणि सर्वांत जास्त मनस्तापही.

करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे लिहून देणारा किंवा मुखत्यार वारला की अधिकार संपतो. वडील गेल्यावर ‘बाबांची पॉवर माझ्याकडे आहे’ म्हणून बँकेतून पैसे काढणं, एफडी मोडणं, फ्लॅटच्या दस्तावर सही करणं बेकायदा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. तिथून पुढचा रस्ता नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि वारसा यांचा.

त्याच कलमात दुसरी गोष्ट आहे. लिहून देणाऱ्याचं मानसिक भान गेलं तरीही अधिकार संपतो. काही देशांत माणसाची समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. भारतात तशी सोय नाही. आईला स्मृतिभ्रंश झाला, तिला माणसं आणि कागद ओळखता येईनासे झाले, की पाच वर्षांपूर्वी तिने शहाणपणाने करून ठेवलेलं मुखत्यारपत्र नेमकं गरजेच्या वेळी निकामी होतं. आणि त्या अवस्थेत तिच्याकडून नवं करून घेणं तर मुळातच चुकीचं आहे. भान नसलेल्या माणसाची सही ही सही नव्हे.

म्हणून माणूस धडधाकट असताना चार कामं करून घ्या. रोजच्या खर्चाचं खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा सूचनेने संयुक्त करा. सगळ्या खात्यांवर, डिमॅटवर आणि सोसायटीत नामनिर्देशन करा. मृत्युपत्र करा. आणि उपचारांबद्दलची आगाऊ लेखी सूचना करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने तिला २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. मानसिक आजारावरील उपचारांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली प्रतिनिधी नेमता येतो. त्याचा अधिकार उपचारांपुरता, मालमत्तेवर नाही.

हातपाय थकले पण भान शाबूत आहे, अशा माणसासाठी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. शाखेत हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

आणि यातलं काहीच केलेलं नसताना माणूस कोमात गेला तर? तेव्हा पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशाच अवस्थेतल्या पतीची पालक म्हणून त्याच्या पत्नीला नेमलं. उपाय आहे, पण तो वकील, वैद्यकीय अहवाल आणि वेळ मागतो, आणि हॉस्पिटलचं बिल त्यासाठी थांबत नाही.

पायरी ८: समोरचा माणूस मुखत्यार म्हणून आला, तर काय तपासावं

घर घेताना मालकाऐवजी मुखत्यार समोर बसला असेल, तर मूळ मुखत्यारपत्र पाहा, झेरॉक्स नको. विक्रीचा आणि कबुलीजबाब देण्याचा (दस्त करून दिल्याचं दुय्यम निबंधकापुढे मान्य करण्याचा) अधिकार स्पष्ट शब्दांत आहे का, मालमत्ता तीच आहे का, मुदत उरली आहे का, मुद्रांक पुरेसा आहे का, हे वाचा. दस्तक्रमांक, तारीख आणि कार्यालय लिहून घ्या व वकिलामार्फत तिथून खात्री करा. मग मालकाशी स्वतः बोला. तो परदेशात असेल तर व्हिडिओ कॉल लावा आणि किंमत, खातं, व्यवहार त्याच्या तोंडून ऐका. मालकाशी बोलू द्यायला मुखत्यार टाळाटाळ करत असेल, तर तिथेच उठा. पैसे मालकाच्याच खात्यात भरा.

नोंदणीच्या वेळी मुखत्याराला एक घोषणापत्र द्यावं लागतं: लिहून देणारा हयात आहे, मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, आणि हे खोटं ठरलं तर नोंदणी कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे मी शिक्षेस पात्र आहे. ती शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. ते घोषणापत्र आहे म्हणून आपण तपास करायचा नाही, असं मात्र करू नका. खोट्या घोषणेबद्दल मुखत्याराला शिक्षा झाली, तरी त्याने तुमचं घर परत येत नाही.

पायरी ९: रद्द करायचं असेल तर सगळ्यांना कळवा

मुखत्यारपत्र देणारा ते रद्द करू शकतो. कागदावर ‘मागे न घेता येणारे’ असं लिहिलं म्हणून ते तसं होत नाही. कलम २०२ प्रमाणे मुखत्याराचा त्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध असेल, उदाहरणार्थ त्याने त्यासाठी रक्कम मोजलेली असेल, तरच ते मागे घेता येत नाही. नुसतं कमिशन मिळणार होतं, एवढं पुरत नाही. आणि रद्द करण्याआधी मुखत्याराने हद्दीत राहून जे व्यवहार केले, ते तुम्हाला पाळावे लागतात.

रद्द करणं म्हणजे घरी कागद फाडणं नव्हे. कलम २०८ प्रमाणे रद्द झाल्याचं मुखत्याराला आणि ज्यांच्याशी त्याचे व्यवहार होतात त्यांना कळेपर्यंत, त्यांच्यापुरता तो अधिकार चालूच राहतो. म्हणून रद्दलेख करा. मूळ मुखत्यारपत्र नोंदवलेलं असेल तर रद्दलेखही त्याच कार्यालयात नोंदवा. मुखत्याराला पोचपावतीसह नोटीस पाठवा, त्यात मूळ कागद आणि सगळ्या प्रती परत मागा, हिशेबही मागा. बँकेची शाखा, सोसायटी, भाडेकरू, विकासक, गावचं तलाठी कार्यालय, जिथे जिथे ते वापरलं गेलं असेल तिथे पत्राची प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. मालमत्तेचा विषय असेल तर एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर नोटीस द्या. पोचपावत्या, शिक्क्यांच्या प्रती आणि वर्तमानपत्राचं पूर्ण पान रद्दलेखासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. रद्द झाल्यानंतरच्या तारखेचा एखादा दस्त उद्या समोर आला, तर कोणाला केव्हा कळवलं होतं हे दाखवायला तीच फाइल लागेल.